लघुमूर्तीतील माणूस

प्राचीन रोममध्ये प्रेक्षकांसमोर शस्त्रांनी झुंजणाऱ्या योद्ध्यांना ग्लॅडिएटर म्हणत. त्यांत गुलाम, युद्धकैदी आणि शिक्षा झालेले गुन्हेगार यांचा मोठा भरणा असे. अशा योद्ध्यांच्या लघुमूर्ती रंगविण्याचा छंद आज अनेक देशांत जोपासला जातो.

१:९ या प्रमाणातील मूर्ती सुमारे २० सेंटिमीटर उंच असते. माणसाचा डोळा साधारणपणे ३० मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे या मूर्तीवर तो तीन मिलिमीटरांहून थोडाच अधिक भरतो. अगदी छोट्या मूर्तीत डोळ्यासाठी एक काळा ठिपका पुरतो. येथे मात्र बुबुळ, बाहुली आणि पापणीची कडा वेगवेगळी दाखवावी लागते. मूर्ती जितकी मोठी, तितक्या चुकाही ठळक दिसतात.

जाळे व त्रिशूळ घेऊन लढणाऱ्या ग्लॅडिएटरला रेतिआरिअस म्हणत. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे. अपघाताने पडलेल्यांनाही, विशेषतः रेतिआरिअसांना, ठार मारण्याची आज्ञा सम्राट क्लॉडिअस देई. कारण मरतानाचे त्यांचे चेहरे त्याला पाहायचे असत, असे रोमन चरित्रकार स्युटोनिअस याने नोंदविले आहे. म्हणूनच ही मूर्ती रंगविणाऱ्याची खरी कसोटी चेहऱ्यावर लागते.

डोळ्याचा पांढरा भाग शुद्ध पांढऱ्या रंगाने भरल्यास नजर वटारल्यासारखी दिसते. त्यामुळे त्यात किंचित करडा व त्वचेचा रंग मिसळतात. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला ठेवतात. संपूर्ण वर्तुळ दिसले, तर चेहरा भेदरलेला वाटतो. वरच्या पापणीखाली गडद तपकिरी रेघ ओढतात आणि शेवटी दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला प्रकाशाचा बारीक ठिपका देतात. या कामासाठी अगदी मोजक्या केसांचा कुंचला हवा, हा समज बरोबर नाही. त्यात रंग फारसा मावत नाही आणि मूर्तीला लागण्यापूर्वीच तो सुकतो. पोट भरीव आणि टोक अणकुचीदार असलेला कुंचला अधिक उपयोगी पडतो. दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवली, की हाताचा कंपही कमी होतो.

डाव्या खांद्यावरील धातूच्या कवचालाही असेच लक्ष द्यावे लागते. पाँपेई येथे सापडलेल्या अशा एका कवचावर खेकडा, नांगर यांसारखी सागरी चिन्हे आहेत. कोरीव खोलगटांत पातळ तपकिरी रंग साचू देतात आणि नंतर फक्त उंचवट्यांवर उजळ रंग लावतात. त्यामुळे वापराने झिजलेल्या धातूचा भास होतो.

व्रण रंगविताना इतिहासाची साथ लागते. तुर्कस्तानातील एफेसस येथे १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तेथील काही कवट्यांवर भरून आलेल्या जखमांच्या खुणा आहेत. घाव सोसूनही ही माणसे जगली होती. म्हणून सर्वांगावर ताजे रक्त दाखविण्याऐवजी, आजूबाजूच्या त्वचेहून किंचित फिकट असा एखादा जुना व्रण अधिक खरा ठरतो.

सूक्ष्म तपशील हा केवळ हस्तकौशल्याचा भाग नव्हे. ज्याच्या मृत्यूकडे एके काळी करमणूक म्हणून पाहिले गेले, त्याच्याकडे माणूस म्हणून पाहण्याची ती एक रीत आहे.