श्वासाची राखण : श्वसनोपचारातील पदवीशिक्षण

मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, कळंब तालुक्यातील चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून ऑक्सिजननिर्मिती सुरू केली. साखर कारखान्यातून प्राणवायू मिळविण्याचा देशातील तो पहिला प्रयोग होता. जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटावा, हे योग्यच आहे.

परंतु त्याच काळाने आणखी एक धडा दिला. ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर उपलब्ध झाले, तरी ते कोणास, किती व कसे द्यावयाचे हे जाणणारी माणसे देशात अनेक ठिकाणी अपुरी पडली. या कामाची स्वतंत्र पदवी आहे : बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपी, अर्थात श्वसनोपचार. बारावीनंतर आरोग्यसेवा म्हटली की आपल्या घरांत एमबीबीएस आणि नर्सिंग ही दोनच नावे निघतात. म्हणून या तिसऱ्या वाटेची ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कामाचे स्वरूप

आनापानसतीस बसलेला साधक स्वतःचा श्वास न्याहाळतो, श्वसनोपचारक दुसऱ्याचा. डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली ऑक्सिजनची मात्रा ठरविणे, नेब्युलायझर देणे, फुफ्फुसांची क्षमता मोजणे, धमनीतील रक्त घेऊन त्यातील वायूंचे प्रमाण तपासणे, श्वासनलिकेतील कफ काढणे, व्हेंटिलेटर सांभाळणे आणि योग्य वेळी रुग्णास त्यावरून सोडविणे, ही त्याची कामे होत.

ऑक्सिजन हेही औषधच आहे. बहुतेक रुग्णांच्या रक्तातील त्याची पातळी ९४ ते ९८ टक्के राखावयाची असते. परंतु धूम्रपानाने किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने सीओपीडी जडलेल्या रुग्णास बहुधा ८८ ते ९२ टक्के पुरेसे असतात. अधिक ऑक्सिजन दिल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असतो.

आपल्या ग्रामीण भागाला या विद्येची गरज विशेष आहे. जमिनीवर झोपलेल्यास रात्री मण्यार चावल्यास पुष्कळदा वेदना होत नाहीत, आणि पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही श्वास बंद पडतो. औषधोपचारासोबत काही दिवस व्हेंटिलेटरचा आधार जाणत्या हातांनी दिला गेला, तर असे अनेक रुग्ण बरे होऊन घरी जातात.

यंत्रापेक्षा माणूस मोलाचा, हे १९५२ मध्ये कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत दिसून आले. यंत्रे अपुरी पडली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेनुसार रुग्णांच्या गळ्यात नळी बसविण्यात आली आणि सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशवी हाताने दाबून त्यांना रात्रंदिवस श्वास पुरविला. आजच्या अतिदक्षता विभागाची कल्पना तेथूनच रुजली.

अभ्यासक्रम

प्रवेशासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. साधारणतः तीन वर्षे अध्ययन व एक वर्ष रुग्णालयातील आंतरवासिता, असे स्वरूप असते. आरंभी शरीररचना, शरीरक्रिया व औषधशास्त्र. नंतर तपासण्या व उपकरणे. पुढे कृत्रिम श्वसन व नवजात बालकांची शुश्रूषा. मणिपाल आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथे हा अभ्यासक्रम चालतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा अभ्यासक्रमही विचारात घ्यावा. त्यातील भूलशास्त्र तंत्रज्ञाची शाखा या विषयाच्या जवळची आहे.

पालकांनी घ्यावयाची दक्षता

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाची तरतूद केली आणि रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय आपल्या अनुसूचीत घेतला. म्हणून ‘हमखास नोकरी’च्या जाहिरातीवर विसंबू नये. पदवी कोणत्या विद्यापीठाची, तिच्या आधारे व्यवसायाची नोंदणी होते काय, आणि आंतरवासिता कोणत्या रुग्णालयात, हे तीन प्रश्न शुल्क भरण्यापूर्वी विचारावेत. अतिदक्षता विभागाविना हे शिक्षण केवळ पुस्तकी राहते.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास भोजन-निवासासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा आधार मिळू शकतो. मात्र खाजगी, अभिमत अथवा परराज्यातील संस्थेस हे लाभ लागू आहेत काय, याची खात्री समाजकल्याण कार्यालयात आधीच करून घ्यावी. अर्धवट शिक्षणाचे कर्ज कुटुंबास फार जड जाते.

धाराशिव येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा अन्यत्र रुग्णसेवेत असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना विनंती की, त्यांनी दहावी-बारावीच्या मुलामुलींशी एकदा बोलावे. ऑक्सिजन आपल्या मातीत तयार होऊ शकतो, हे जिल्ह्याने दाखविले आहे. तो योग्य मात्रेत देणारे हातही येथूनच तयार व्हावेत.