न पेरलेली बाग

गौरी-गणपती होऊन गेले की तेरड्याकडे कुणी फारसं पाहत नाही. फुलं गळतात, खालची पानं पिवळी पडतात आणि बाग आवरायला घेतलेला माणूस ते झाड उपटून टाकतो. त्या झाडाची सगळ्यात थरारक करामत मात्र तेव्हाच सुरू झालेली असते. पानांच्या बेचक्यात लोंबणारं, लव असलेलं, टपोरं बोंड हलकेच चिमटीत धरून बघा. पिकलेलं असेल तर ते बोटांत एकदम उसळतं आणि बी चहूकडे उडतं. दचकायला होतंच, कितीही वेळा केलं तरी.

त्या उसळीमागे आहे पाणी. बोंडाची साल पाच पट्ट्यांची असते. तिच्या बाहेरच्या थरातल्या पेशी पाण्यानं तट्ट फुगलेल्या असतात आणि त्यांना आणखी पसरायचं असतं, पण आतला थर त्यांना पसरू देत नाही. हा ताण दिवसेंदिवस वाढत जातो. पट्ट्यांचे सांधे पिकून कमजोर झाले की वाऱ्याची झुळूक, मुंगी किंवा शेजारच्या पानाचा धक्काही पुरतो. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पाचही पट्ट्या आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बी दूर फेकलं जातं. हे सगळं करणाऱ्या झाडाला ना स्नायू आहेत, ना मज्जातंतू. बी फेकण्यात त्याचा फायदा आहे. सगळं बी एकाच जागी सांडलं असतं, तर पुढच्या पावसाळ्यात भावंडांनीच एकमेकांचा उजेड अडवला असता.

अबोलीची रीत याच्या अगदी उलट. तिच्या वाळक्या तुऱ्यात शेंगा महिनोन्‌महिने मिटून बसतात. कितीही उन्हं पडू देत, त्या उघडत नाहीत. पण त्यांच्यावर पाणी पडलं की थोड्याच वेळात टक्‌टक्‌ आवाज करत त्या फुटू लागतात. शेंगेत चारच बिया असतात आणि प्रत्येक बीखाली एक छोटा, टणक आकडा असतो. वाळताना शेंगेच्या दोन्ही फाका विरुद्ध बाजूंना वाकू पाहतात, पण मधली शिवण त्यांना धरून ठेवते. पाण्यानं ती शिवण सैल पडली की फाका फाकतात आणि बी त्या आकड्यावरून भिरकावलं जातं. विचार करा, जमीन ओली झाल्याची खात्री पटेपर्यंत शेंग कुलूप काढत नाही!

अबोली, कोरांटी, अडुळसा ही सगळी एकाच कुळातली झाडं. सह्याद्रीतली कारवीही त्याच कुळातली. सात-आठ वर्षांनी एकदाच डोंगरउतार जांभळे करून कारवी मरते, पण तिच्या वाळक्या शेंगा काड्यांवर तशाच राहतात आणि पुढच्या पावसाच्या सुरुवातीला तडतडत फुटतात. याच कुळातल्या रुएलिया नावाच्या एका अमेरिकी रानफुलाचं बी संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ते चपटं बी सेकंदाला 1,660 पर्यंत गिरक्या घेताना दिसलं. या गिरक्यांमुळे ते हवेत डगमगत नाही, हवेचा अडथळा कमी होतो आणि ते सात मीटरपर्यंत जाऊन पडतं. हा मजकूर पहिल्यांदा वाचला त्या दिवसापासून मला कुंडीतली अबोली निराळीच दिसते.

ऑफिस टाइम म्हणून ओळखली जाणारी रंगीत फुलं इतका धडाका करत नाहीत. त्यांच्या इवल्याशा फळाला मध्यावर आडवी चीर पडते, वरचा अर्धा भाग टोपीसारखा निघून येतो आणि खाली करड्या, चमकदार बियांची पूड उरते. हे बी मातीत खोल पुरलं तर उगवत नाही, कारण त्याला उजेड लागतो. बीला उजेड कळतो ही गोष्टच किती विलक्षण! अमेरिकेतल्या बेल्ट्सविल इथल्या शास्त्रज्ञांनी 1952 साली लेट्यूसच्या बियांवर ते दाखवून दिलं. तांबडा प्रकाश दिला की बी रुजतं. त्यानंतर तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश दिला की रुजणं थांबतं. पुन्हा तांबडा दिला की पुन्हा रुजतं. पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात तांबडा भाग फार थोडा उरतो. म्हणजे डोक्यावर मोकळं आकाश आहे की दुसऱ्या झाडाची सावली, हे असं बी डोळ्यांशिवाय ओळखतं. कुदळ मारल्यावर मोकळ्या मातीत भराभर रोपं उठतात, त्याचं एक कारण हेच.

काही बियांचा धीर तर माणसाच्या आयुष्याला पुरून उरतो. 1879 साली विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं मिशिगनमध्ये तणांचं बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरलं आणि त्या उपड्या पुरल्या. 2021 मध्ये काढलेल्या बाटलीतलंही काही बी उगवलं. पुढची बाटली 2040 मध्ये निघायची आहे.

आपल्या बागेत हे सगळं घडू द्यायचं तर थोडी वाट पाहावी लागते. तेरडा आणि अबोलीची काही झाडं पूर्ण वाळेपर्यंत उभी राहू द्यावीत. मे महिन्यात वाफा खोल खणू नये, वर जाड आच्छादन घालू नये आणि पहिल्या पावसानंतर खुरपं निदान पंधरवडाभर बाजूला ठेवावं. तेरड्याची बीजदलं गोलसर आणि मांसल असतात. त्यामागून येणारी करवतीच्या कडेची लांबट पानं दिसली की ओळख पक्की. मग वीतभर अंतर ठेवून बाकीची रोपं दुसरीकडे लावावीत किंवा शेजारी द्यावीत. दसऱ्याच्या तोरणातला सुकलेला झेंडू चुरडून मातीवर टाकला तरी त्यातली काही रोपं येतात. मात्र मूळ झाड संकरित बियाण्याचं असेल, तर पुढची फुलं हुबेहूब तशी येतीलच असं नाही.

गुलबक्षीच्या बाबतीत हा बदल मोठा देखणा असतो. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलं येतात, हे कार्ल कोरेन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तपासलं होतं. तिच्या पानांवरचे पांढरट पट्टे फक्त आईकडून येतात, परागातून येत नाहीत, हेही त्यांनी 1909 मध्ये दाखवलं. अंगणात दोन-तीन रंग जवळजवळ लावले की काही वर्षांत आपण कधीच न लावलेल्या छटा संध्याकाळी उमलू लागतात. फक्त तिची नको असलेली रोपं चार पानांवर असतानाच काढावीत. एकदा खाली कंद धरला की वरून कितीही कापा, ती पुन्हा फुटते.