साहेबांचे न पाहणे

एखाद्या कारखान्यात नवी कल्पना निघाली की तिला पहिली आडकाठी कोणाची होते? प्रतिस्पर्ध्याची नव्हे, वरच्या साहेबांची! आणि हे साहेब बहुधा दुष्ट नसतात बरं का. चालू काम वेळेवर पुरे करून घेणे आणि पैशाचा हिशेब देणे, हे त्यांचे कामच असते. मग हाताखालचा माणूस भलतेच काही करत बसला, तर त्यांनी काय करावे?

अमेरिकेत सेंट पॉल या शहरी पॉलिशपेपर बनवणारी एक कंपनी होती; तीच पुढे थ्री-एम म्हणून प्रसिद्धीस आली. १९२१ साली रिचर्ड ड्रू नावाचा तरुण तिच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. नव्या पॉलिशपेपरचे नमुने मोटारी रंगवणाऱ्यांकडे न्यायचे आणि ते कसे चालतात हे पाहायचे, एवढे त्याचे काम. तेव्हा दुरंगी मोटारींची टूम निघाली होती. एक रंग देताना दुसऱ्या रंगाचा भाग कागद चिकटवून झाकीत. पण कागद काढताना खालचा रंगही सोलून निघे. मग काय, रंगाऱ्याच्या तोंडून शिव्यांची लाखोली! ड्रूने ती ऐकली आणि शब्द देऊन बसला, ‘मी तुम्हाला रंग न सोलणारी पट्टी करून देतो.’

म्हटले तर हे काम त्याचे नव्हते. पण पॉलिशपेपर म्हणजे तरी काय? कागद, त्यावर चिकट थर आणि वर खर. खर वगळली की उरते ती चिकटपट्टीच ना?

प्रयोग लांबत चालले. कंपनीचा कारभार पाहणारे विल्यम मॅकनाइट यांनी त्याला स्वच्छ सांगितले, की हे पुरे, आपल्या कामाला लाग. थोडे दिवस गेले आणि ड्रू पुन्हा पट्टीकडे वळला. मॅकनाइटनी ते पाहिले, आणि ते काही बोलले नाहीत. पुढे ड्रूने यंत्रासाठी पैसे मागितले, तेव्हा मात्र नकार मिळाला. शंभर डॉलरपर्यंतची खरेदी तो स्वतःच्या सहीने करू शकत असे. पठ्ठ्याने नव्याण्णव-नव्याण्णव डॉलरच्या मागण्या लिहून यंत्र उभे केले! आपल्या एखाद्या कचेरीत हे उघडकीस आले असते तर? असो. १९२५ साली पट्टी तयार झाली.

मॅकनाइट यातून शिकले, हे मला ड्रूच्या हिकमतीपेक्षा मोठे वाटते. १९४८ च्या सुमारास कंपनीने तंत्रज्ञांना कामाच्या वेळेपैकी शेकडा पंधरा भाग स्वतःच्या कल्पनांवर घालवण्याची मुभा दिली. जी गोष्ट डोळेझाकीने झाली, तिला रीतसर जागा मिळाली.

यात वेळ फुकट जात नाही का? जातो, पुष्कळ जातो. १९६८ साली तिथल्याच स्पेन्सर सिल्व्हर यांना एक गोंद सापडला. तो धड चिकटेना; लावला तसा सहज निघून येई. असल्या गोंदाचा उपयोग काय, ते कोणालाच सुचेना. १९७४ साली त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना सुचले. चर्चमध्ये गाताना त्यांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडत. त्यांना तो गोंद लावला तर? त्या चिकटचिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीस आल्या १९८० साली. बारा वर्षे! तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी एखाद्या हिशेबनिसाने या गोंदाचा जमाखर्च मागितला असता, तर जमेच्या बाजूला लिहायला एक पैसाही नव्हता.