आच्छादन : मातीचे पांघरूण

'धूप' हा शब्द मराठीत दोन लिंगांत वावरतो. देवापुढे जळतो तो धूप आणि पावसात शेताची होते ती धूप. दुसऱ्या शब्दाशी 'धुपणे' हे क्रियापद जोडलेले आहे. 'बांध धुपला', 'रान धुपलं' असे शेतकरी म्हणतो, तेव्हा धुपवणारा कोण, हे त्या वाक्यात सांगितलेले नसते. तो कर्ता ओळखला, की आच्छादनाचे प्रयोजन आपोआप उलगडते.

धूप कशी होते?

वाहते पाणी माती नेते, हा सर्वसाधारण समज खरा असला तरी अपुरा आहे. अमेरिकी संशोधक डब्ल्यू. डी. एलिसन यांनी 1940 च्या दशकात पावसाच्या थेंबाच्या आघाताचा अभ्यास करून धुपेचा आरंभ तेथे होतो, हे दाखवून दिले. पाच मिलिमीटर व्यासाचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्या आघाताने ढेकळे फुटतात व कण उसळतात. बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरेनासे होते. न मुरलेले पाणी सुटे कण घेऊन वाहू लागते. प्रथम सालकाढी धूप होते, पुढे ओघळ पडतात आणि अखेरीस घळी तयार होतात. सालकाढी धूप डोळ्यांना सहसा दिसत नाही. म्हणूनच ती अधिक घातक असते.

बांध आणि आच्छादन

महाराष्ट्रात मृद्संधारण म्हटले, की बांधबंदिस्ती आठवते. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने अशा कामांना कायद्याचा आधार दिला. बांधाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु तो अडवतो ते वाहू लागलेले पाणी. दोन बांधांमधील उघड्या मातीवर पडणारा थेंब त्याला अडवता येत नाही. ते काम आच्छादनाचे. काड, पालापाचोळा, गवत किंवा उसाचे पाचट थेंबाचा आघात स्वतःवर झेलते, वाहत्या पाण्याचा वेग कमी करते आणि ओलावाही टिकवते. मटकी, हुलगा, चवळी यांसारखी पसरणारी कडधान्ये हे तर जिवंत आच्छादनच होय.

प्लॅस्टिकच्या कागदाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. तो तण व बाष्पीभवन रोखतो. पण त्यावरून घसरलेले पाणी दोन वाफ्यांमधील उघड्या सरीत जोराने वाहते आणि तेथील माती नेऊ शकते.

व्यवहारातील अडचणी

ऊसतोडणीनंतर पाचट पेटवून देणे सोपे वाटते. परंतु त्यामुळे शेतातच तयार झालेले पांघरूण राख होते. पाचट सरीत पसरावे. ते कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र वापरतात, म्हणून त्यावर थोडे नत्रखत देणे इष्ट ठरते.

कोरडवाहू भागातील पेच अधिक अवघड आहे. कडबा जनावरांना लागतो, तुरीच्या व कपाशीच्या काड्या चुलीत जातात. मातीसाठी उरते काय? शिवाय सोलापूरसारख्या रब्बी ज्वारीच्या प्रदेशात भारी काळी जमीन पावसाळ्यात अनेकदा पडीक ठेवली जाते. म्हणजे थेंबांचा मारा सर्वाधिक असतो, तेव्हाच ती उघडी असते. अशा वेळी कमी मुदतीचे खरीप कडधान्य घेणे किंवा बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला पसरणे, हे मार्ग उपयोगी पडतात. पाला थोडाच असेल, तर तो प्रथम उताराच्या भागावर घालावा.

सारांश, बांध निघालेली माती थोपवतो; आच्छादन तिला निघूच देत नाही. म्हणून आच्छादन पावसाआधी जमिनीवर असले पाहिजे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

1. थेंबाच्या आघातापासून घळीपर्यंतचा क्रम स्वतःच्या शब्दांत लिहा.
2. आपल्या परिसरात पिकांच्या अवशेषांसाठी कोणते शब्द रूढ आहेत आणि ते अवशेष कशासाठी वापरले जातात, याची नोंद करा.