तुम्ही द्याल ती किंमत!

वस्तूची किंमत कशी ठरते, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर येणारा पहिला प्रश्न. मागणी आणि पुरवठा यांच्या दोन रेषा फळ्यावर काढल्या आणि त्या जेथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूवर बोट ठेवले, की उत्तर मिळाल्याचे समाधान वर्गाला लाभते. परंतु विकणाऱ्यानेच किंमत सांगायचे नाकारले तर? १ ऑक्टोबर २००७ रोजी इंग्लंडमधील ‘रेडिओहेड’ या प्रथितयश रॉक बँडने नेमके हेच केले. ‘इन रेनबोज’ हा आपला सातवा अल्बम पूर्ण झाला असून तो दहा दिवसांत रसिकांच्या हाती पडेल, अशी छोटीशी सूचना गिटारवादक जॉनी ग्रीनवुड यांनी बँडच्या संकेतस्थळावर दिली. तिच्या मागे ना जाहिरातींचा गाजावाजा होता, ना ध्वनिमुद्रिका कंपनीचे पाठबळ. गाणी संगणकावर उतरवून घेऊ पाहणाऱ्यासमोर किमतीचा रकाना येई. तो रिकामा असे. किती भरायचे, या शंकेला एकच उत्तर होते : तुम्ही ठरवाल ते. शून्य भरले तरी गाणी मिळत.

या घटनेने त्या वेळी जगभर खळबळ उडाली. काहींना ती भांडवलशाहीच्या अंताची नांदी वाटली, तर काहींना निव्वळ जाहिरातीची युक्ती. इतकी वर्षे लोटल्यानंतर या दोन्ही मतांचा फोलपणा उघड झाला आहे आणि म्हणूनच त्या प्रयोगाकडे शांतपणे पाहणे शक्य झाले आहे.

कंपनीच्या छत्राखाली

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील एकाच शाळेत शिकणाऱ्या पाच मुलांनी १९८५ च्या सुमारास हा बँड उभा केला. थॉम यॉर्क, जॉनी व कॉलिन हे ग्रीनवुड बंधू, एड ओब्रायन आणि फिलिप सेल्वे हे ते पाच जण. १९९१ मध्ये त्यांनी ईएमआय या बलाढ्य कंपनीशी करार केला. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव मराठी वाचकाला कदाचित परके वाटेल. पण भोंग्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा हे तिचे बोधचिन्ह परके वाटणार नाही. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या ज्या तबकड्यांनी नाट्यगीते आणि भावगीते घरोघर पोचवली, त्यांच्यामागे याच उद्योगसमूहाची परंपरा होती.

१९९३ ते २००३ या दशकात रेडिओहेडचे सहा अल्बम ईएमआयच्या छत्राखाली निघाले. १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’ने यंत्रयुगातील माणसाच्या एकाकीपणाला सूर दिला आणि बँडला समीक्षकांच्या पहिल्या पंक्तीत नेऊन बसवले. २००० मधील ‘किड ए’ तर गिटारप्रधान रॉकची चाकोरी सोडून इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या वाटेने गेला. त्यातील एकही गाणे विक्रीसाठी स्वतंत्रपणे काढले नव्हते, तरीही तो अमेरिकेच्या विक्रीतालिकेत अग्रस्थानी पोचला. लोकप्रियता आणि प्रयोगशीलता एकत्र नांदू शकतात, हे या बँडने सिद्ध केले होते.

२००३ च्या ‘हेल टु द थीफ’ या अल्बमबरोबर करार संपला. याच अल्बमची अपुरी ध्वनिमुद्रणे प्रकाशनापूर्वी सुमारे दहा आठवडे चोरीस जाऊन इंटरनेटवर पसरली होती. पुढे २००७ मध्ये टेरा फर्मा या वित्तसंस्थेने ईएमआय विकत घेतली. नव्या मालकांशी बँडची बोलणी झाली, पण ती फिसकटली. त्यामागील कारणे दोन्ही पक्षांनी वेगवेगळी सांगितली. तथापि आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या वापरावर आपलाही अधिकार असावा हा बँडचा आग्रह आणि तो सोडण्यास कंपनीची नाखुषी, हे वादाचे मूळ होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने बँडच्या जुन्या अल्बमांचा संच बाजारात आणला आणि २००८ मध्ये बँडच्या सहभागाविना निवडक गाण्यांचा संग्रहही काढला. गाणी ज्यांनी रचली त्यांची ती राहिली नव्हती, हेच यातून दिसून आले.

रिकाम्या रकान्याचा हिशेब

आता रिकाम्या रकान्याकडे वळू. एक गाणे संगणकावर आले, की त्याची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर तिचा सीमांत खर्च शून्याच्या घरात असतो. आणि स्पर्धेच्या रेट्याखाली किंमत सीमांत खर्चाकडे सरकते, हा शास्त्राचा सिद्धांतच आहे. गाण्यांची चोरी म्हणजे एका अर्थी याच सिद्धांताची बेकायदा अंमलबजावणी होती. पण पहिली प्रत फुकट तयार होत नाही. ‘इन रेनबोज’ची दहा गाणी सिद्ध होण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. त्या श्रमांची भरपाई कोणी करायची?

रेडिओहेडने हा प्रश्न थेट श्रोत्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवला. कीर्तन संपल्यावर आरतीचे तबक फिरते, तेव्हाही कोणी किती टाकावे याचे दरपत्रक नसते. मात्र शेजारी बसलेल्यांचे डोळे आपल्या हाताकडे असतात. येथे तेही नव्हते. बंद खोलीत, एकट्याने, कोणी पाहत नसताना प्रत्येकाला आपला आकडा लिहायचा होता.

माणसांनी काय लिहिले? कॉमस्कोअर या पाहणी संस्थेच्या अंदाजानुसार सुमारे ६२ टक्के लोकांनी काहीच दिले नाही आणि उरलेल्या ३८ टक्क्यांनी सरासरी सहा डॉलर दिले. हे आकडे चुकीचे असल्याचे बँडने सांगितले. मात्र गीतांचे प्रकाशन-हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये जो हिशेब मांडला, त्यातून चित्र बरेच स्पष्ट झाले. सर्व रूपे मिळून अल्बमच्या ३० लाख प्रती खपल्या होत्या. आणि सीडी दुकानांत येण्यापूर्वीच जमा झालेले उत्पन्न ‘हेल टु द थीफ’च्या एकूण उत्पन्नाहून अधिक होते. दुसऱ्या शब्दांत, अनेकांनी फुकट घेऊनही बँडच्या पदरात पूर्वीपेक्षा जास्त पडले. कारण मधले वाटेकरी उरले नव्हते.

याच्या जोडीला आणखी एक योजना होती आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. निस्सीम चाहत्यांसाठी तबकड्या, सीडी व चित्रे असलेली पेटी ४० पौंडांना ठेवण्यात आली होती आणि अशा एक लाख पेट्या विकल्या गेल्या. तेथे किंमत श्रोत्याने ठरवायची नव्हती. ज्याला संगीतापासून मिळणारे समाधान मोठे, त्याच्याकडून अधिक घ्यायचे आणि कुंपणावरच्याला फुकट आत येऊ द्यायचे, हा मूल्यभेदाचा जुनाच मार्ग होता. औदार्याला व्यवहाराचे भान सुटले नव्हते.

सर्वांत बोलकी बाब मात्र वेगळीच. गाणी कायदेशीरपणे शून्य किमतीत मिळत असतानाही पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्या सुमारे २३ लाख प्रती चोरट्या मार्गांनी उतरवल्या गेल्या, असे ब्रिटनमधील कलावंतांचे मानधन गोळा करणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या अभ्यासात आढळले. फुकट मिळणारी वस्तूही चोरण्याची सवय जडली असेल, तर तिथे प्रश्न केवळ किमतीचा राहत नाही. उलट, दोन महिने जवळजवळ फुकट वाटला गेलेला हा अल्बम सीडीच्या रूपाने दुकानांत आला, तेव्हा जानेवारी २००८ मध्ये तो ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीत पहिला ठरला. फुकट मिळाल्याने वस्तूचे मोल गेले नव्हते.

औदार्य की मालकी?

तरीही हा मार्ग सर्वांना खुला होता काय? ‘सॉनिक यूथ’ या बँडच्या किम गॉर्डन यांनी २००९ मध्ये या प्रयोगावर जी टीका केली, तिचा रोख असा होता की, ज्यांचे अल्बम एवढे खपत नाहीत त्या कलावंत बांधवांचा विचार येथे झालेला नाही. ही टीका झोंबणारी असली तरी अनाठायी नव्हती. एका छोट्याशा सूचनेने जग जागे होते, ते त्यामागे बारा-पंधरा वर्षांची कीर्ती असते म्हणून. आणि ती कीर्ती उभी करण्यात त्याच जुन्या कंपनीचे भांडवल कामी आले होते. नवख्या गायकाने रकाना रिकामा ठेवला, तर तो बहुधा रिकामाच राहील. खुद्द रेडिओहेडनेही हा प्रयोग पुन्हा केला नाही. फेब्रुवारी २०११ मधील ‘द किंग ऑफ लिंब्स’ हा अल्बम ठरावीक किमतीलाच विकला गेला.

मग त्या प्रयोगातून शिल्लक काय राहिले? शिल्लक राहिली ती मालकी. ‘इन रेनबोज’ची ध्वनिमुद्रणे बँडने स्वतःच्या ताब्यात ठेवली आणि सीडी काढणाऱ्या कंपन्यांना केवळ परवाना दिला. ईएमआयचे पुढे तुकडे पडले. २०११ मध्ये ती कर्ज देणाऱ्या बँकेच्या हाती गेली, २०१२ मध्ये तिचा ध्वनिमुद्रण व्यवसाय युनिव्हर्सलने घेतला आणि रेडिओहेडचे पहिले सहा अल्बम ज्या पार्लोफोन शाखेचे होते, ती २०१३ मध्ये वॉर्नरकडे गेली. पाच जणांच्या तारुण्यातील गाणी अशा प्रकारे एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात फिरत राहिली. सातव्या अल्बमच्या वाट्याला मात्र ही भ्रमंती आली नाही. किंमत शून्य लावण्याचे स्वातंत्र्यसुद्धा ज्याच्याकडे मालकी आहे त्यालाच असते, हा या साऱ्या प्रकरणाचा खरा धडा होय.

आज मासिक वर्गणी भरून हवे ते संगीत ऐकण्याची सोय सर्वत्र रूढ झाली आहे. ‘इन रेनबोज’ही २०१६ मध्ये तिथे दाखल झाला. वर्गणीचा पैसा एका मोठ्या हौदात जमतो आणि कोणाची गाणी किती वेळा वाजली यावरून त्याची वाटणी होते. आपल्या वर्गणीतले किती कोणा गायकाला पोचले, हे श्रोत्याला कळत नाही आणि त्याला कोणी विचारतही नाही. चोरी कमी झाली आणि सोय वाढली हे खरे. पण श्रोता व कलावंत यांच्यामधला तो अवघड प्रश्नही त्याबरोबर नाहीसा झाला.

२००७ च्या ऑक्टोबरातील त्या रिकाम्या रकान्याने उद्योगाची घडी बदलली नाही. मात्र, ज्या गाण्याने आपली संध्याकाळ उजळली त्याचे आपण काय देणे लागतो, असे लाखो माणसांना निदान एकदा स्वतःला विचारायला लावले. बहुतेकांनी शून्य लिहिले असेलही. परंतु जो प्रश्न विचारलाच जात नाही, त्याचे उत्तर शून्याहूनही कमी असते.