९४ हेल्मेटं

फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या डोक्यावर पिक ब्लाँ नावाचं ३,३३० मीटर उंचीचं शिखर आहे. दर जुलैत तिथल्या बर्फावर शेकडो माउंटन बाइकवाले रांगा धरून उभे राहतात आणि इशारा होताच सगळे एकदम उताराला लागतात. ही मेगाव्हलांश, १९९५पासून चालत आलेली शर्यत. तिथे चेहरा झाकणारं फुल-फेस हेल्मेट नसेल तर शर्यतीत घेत नाहीत, आणि त्यावर कोणी वादही घालत नाही. बर्फावर खांद्याला खांदा लावून सुटायचं आणि मग दगडधोंड्यांतून अडीच किलोमीटर उंची खाली उतरायची, तर हनुवटी उघडी ठेवून कोण जाईल?

वाद सुरू होतो तो हेच स्वार एन्ड्युरोला उतरतात तेव्हा. एन्ड्युरोत घड्याळ फक्त उतारांवर चालतं. एका उताराच्या पायथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत पॅडल मारत स्वतःच चढायचं, त्याची वेळ मोजत नाहीत, पण ठरल्या वेळेत पोचावं लागतं. असा दिवस पाच-सहा तासांचा सहज होतो. उतारावर फक्त उताराच्या, म्हणजे डाउनहिलच्या, शर्यतवाल्यासारखं हेल्मेट हवं आणि चढावर तेच हेल्मेट जीव नकोसा करतं. नाकातोंडासमोर आडवा चिनबार, गालांना दाबून बसलेल्या गाद्या, आत साचलेली स्वतःच्याच श्वासाची वाफ. चढाच्या वाटेवर अर्ध्या तासात घामाने डोळे चुरचुरायला लागतात. म्हणून बरेच जण दोन हेल्मेटं बाळगत. चढावर साधं डोक्यावर, फुल-फेस पाठीवरच्या पिशवीला लटकवलेलं. बाकीचे ते ओझंही टाळत आणि साध्यावरच उतरत.

२०१३च्या मे महिन्यात इटलीतल्या पुंता आला इथे एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली. त्या पहिल्या हंगामात जेरोम क्लेमांत्झ आणि ट्रेसी मोजली विजेते ठरले. त्या वर्षांतली छायाचित्रं बघितली की एकाच शर्यतीत चेहरा झाकलेले आणि चेहरा उघडा असलेले असे दोन्ही स्वार दिसतात. फुल-फेसच्या सक्तीच्या विरोधातले मुद्दे मी मनापासून ऐकले आहेत. गरमीने स्वार थकतो आणि थकलेला स्वार पडतो, हा मुद्दा खरा आहे. चिनबारमुळे पुढच्या चाकाखालचं दिसत नाही, हा अर्धा खरा. आणि कवच मिळालं की माणूस जास्त धाडस करतो, म्हणून कवच नको, हा मुद्दा मात्र मला कधीच पटला नाही. पुढचं चाक दगडात अडकलं की स्वार हँडलवरून उडतो, हात पुढे यायला वेळ मिळत नाही आणि जमिनीला पहिला टेकतो तो चेहरा. धाडसी असो की भित्रा, जबड्याचं हाड तेवढंच कठीण असतं.

हेल्मेटसक्ती हा शब्द पुणेकरांना काय सांगावा! २०१९च्या सुरुवातीला पुण्यात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि विरोधात मोर्चे निघाले. रस्त्यावरची सक्ती आणि शर्यतीतली सक्ती या वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्हींकडचे युक्तिवाद इतके सारखे की मला मूळ शोधावंसं वाटलं. कुठल्या शर्यतीच्या आयोजकांनी पहिल्यांदा म्हटलं असेल, की डोकं झाकल्याशिवाय सुटायचं नाही? तो शोध मला एन्ड्युरोपासून दूर, इंग्लंडमधल्या एका डॉक्टरपर्यंत घेऊन गेला, आणि खरं सांगायचं तर मी तिथेच रमलो.

लंडनच्या नैर्ऋत्येला सरेमध्ये वेब्रिजजवळ १९०७ साली ब्रुकलँड्सची शर्यतवाट सुरू झाली. काँक्रीटची, वळणावर भिंतीसारखी उभी होत जाणारी. मोटारी आणि मोटारसायकली तिथे जीव तोडून पळत. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं नाव डॉ. एरिक गार्डनर. साधारण दर पंधरवड्याला त्याच्यासमोर डोक्याला मार लागलेला एखादा मोटारसायकलवाला येई. त्या वेळी शर्यतीत डोक्यावर असे ती कापडी नाहीतर चामड्याची टोपी. धूळ आणि वारा अडवायला ठीक, काँक्रीट अडवायला नाही.

गार्डनरने यावर लेख लिहिला नाही. त्याने एक वस्तू बनवून घेतली. लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या मॉस नावाच्या कारागिराला गाठून कॅनव्हासवर शेलॅक चढवलेली टणक टोपी तयार करवली. शेलॅक म्हणजे आपली लाख. त्या काळी जगाला लागणारी लाख मुख्यतः भारतातून, कलकत्ता बंदरातून जात असे. झाडांच्या फांद्यांवरून खरवडून, वितळवून, पापुद्र्यांसारखी वाळवलेली ती लाख लंडनमध्ये पोचून ग्रामोफोनच्या तबकड्यांत जाई, वार्निशात जाई, आणि १९१४मध्ये शर्यतवाल्यांच्या टोप्यांतही गेली. कॅनव्हास एकटा लवचीक, लाख एकटी ठिसूळ. दोन्ही एकत्र आली की कवच जोराचा फटका सोसतं, आणि गुळगुळीत असल्याने डोकं जमिनीत न अडकता घसरतं. घसरण्याचा हा फायदा आजच्या हेल्मेट बनवणाऱ्यांनाही तितकाच महत्त्वाचा वाटतो.

ही टोपी घेऊन गार्डनर मोटारसायकल शर्यतींची नियामक संस्था असलेल्या ऑटो-सायकल युनियनकडे गेला. युनियनने आधी तिला नावं ठेवली. मग मत बदललं, आणि असं बदललं की १९१४च्या आइल ऑफ मॅन टीटी शर्यतीसाठी हेल्मेट सक्तीचं केलं. स्वार चिडले. डोक्यावर काय घालायचं ते आम्हाला कोण सांगणार, ही भावना तेव्हाही होती.

पुढची गोष्ट गार्डनरचं सगळं वेगळेपण दाखवते. नियम झाला म्हणून तो घरी बसला नाही. तो स्वतः बेटावर गेला आणि सोबत ९४ हेल्मेटं घेऊन गेला. मी या आकड्यावर बराच काळ थांबलो आहे. नियम करवून घेणारा आणि नियम पाळायला लागणारी वस्तू आणून देणारा, असा दोन्ही भूमिकांतला माणूस सक्तीच्या इतिहासात फार क्वचित सापडतो. बहुतेक वेळा सक्ती एका खात्याची, वस्तू दुसऱ्याच्या दुकानात, किंमत तिसऱ्याच्या खिशाला.

टीटीचा डोंगरी मार्ग साडेसदतीस मैलांचा. आजच्या डांबरी रस्त्याची कल्पना मनातून काढून टाकायची. तेव्हा तिथे खडी, धूळ, चाकांच्या चाकोऱ्या होत्या. त्या वर्षी ज्युनिअर शर्यत ए.जे.एस.वर एरिक विल्यम्सने जिंकली, सीनिअर रज मोटारसायकलवर सिरिल पुलिनने. शर्यतीत एक स्वार फाटकावर तिरका आदळला आणि हेल्मेटमुळे वाचला. नंतर बेटावरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं गार्डनरला पत्र आलं. दर टीटीनंतर आमच्याकडे मेंदूला हादरा बसलेले काही लक्षवेधी रुग्ण येतात, या वर्षी एकही आला नाही, असा त्याचा आशय होता. हे आपल्याला कळतं ते गार्डनरनेच १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलला लिहिलेल्या पत्रामुळे. सत्तावीस वर्षांनी, एका दुसऱ्याच माणसाचा लेख वाचून लिहिलेलं पत्र. त्यात आपलं श्रेय मागायची घाई दिसत नाही. एक जुना डॉक्टर, हे आम्ही एकदा करून बघितलं होतं, एवढंच सांगतो आहे.

ते पत्र मला प्रिय आहे, म्हणूनच त्यात न आलेली गोष्ट इथे लिहितो. १९१४च्या ज्युनिअर शर्यतीत रॉयल एन्फिल्डवर तिसरा आलेला फ्रेड वॉकर अंतिम रेषा ओलांडल्यावर रस्त्यातल्या अडथळ्यावर आदळला आणि काही दिवसांनी दगावला. म्हणजे सक्तीच्या पहिल्याच वर्षी एक स्वार गेला. बेटावरच्या अधिकाऱ्याचं म्हणणं यामुळे खोटं ठरत नाही, पण एका शर्यतीवरून निष्कर्ष किती ताणायचा याला मर्यादा पडते. हेल्मेट डोक्याचं बघतं. शर्यतीचा मार्ग, अंतिम रेषेपुढची मोकळी जागा, तिथे आडवं काय उभं केलं आहे, हे आयोजकाने बघायचं असतं. सक्तीचा नियम केला की आपलं काम संपलं असं आयोजकांना वाटू लागतं, ही भीती एन्ड्युरोच्या वादात मी अनेकदा ऐकली आहे आणि ती मला रास्त वाटते.

त्याच ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि टीटी थेट १९२०मध्ये परतली. शर्यतीबाहेरच्या मोटारसायकलवाल्यांपर्यंत गार्डनरची टोपी पोचलीच नाही. १३ मे १९३५ रोजी टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, आपल्या ब्रॉ सुपिरिअर मोटारसायकलवरून डॉर्सेटमधल्या घराजवळ पडला, डोक्यावर काही नव्हतं, १९ मे रोजी गेला. त्याच्यावर उपचार करायला बोलावलेल्यांत ह्यू केर्न्स हा तरुण मज्जाशल्यविशारद होता. केर्न्सने पुढे जे केलं ते प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये रस्त्यांवर मेलेल्या २,२७९ मोटारसायकलस्वारांचा आणि मागे बसणाऱ्यांचा हिशेब त्याने मांडला, आणि हेल्मेट घालून पडलेल्या ७ जणांची नोंद दिली. सातही जगले. हाच तो १९४१चा लेख, जो वाचून गार्डनरने पत्र लिहिलं. त्याच नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने ड्यूटीवरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांवर सक्ती आली १ जून १९७३ला. टीटीनंतर ५९ वर्षांनी.

मधला इतिहास भरभर ओलांडतो. १९५३मध्ये अमेरिकेत फटका शोषणाऱ्या अस्तराचं पेटंट झालं, १९५७मध्ये हेल्मेटं तपासणारं स्नेल फाउंडेशन उभं राहिलं, आणि १९६८मध्ये डॅन गर्नीने चेहरा झाकणारं बेल स्टार घालून फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवली. चिनबार इथून आला.

सायकलच्या जगात मात्र उलटा प्रकार झाला, आणि तो एन्ड्युरोवाल्यांनी नीट वाचावा असं मला वाटतं. १९९१मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने रस्ता-शर्यतींत हेल्मेट सक्तीचं करायचं ठरवलं, पॅरिस–नीसमध्ये स्वारांनी संप केला आणि संघाने माघार घेतली. १९९५च्या टूर द फ्रान्समध्ये पोर्ते दास्पेच्या उतारावर ऑलिंपिक विजेता फाबियो कासार्तेल्ली हेल्मेटविना पडून गेला, तरी नियम आला नाही. मार्च २००३मध्ये पुन्हा पॅरिस–नीसमध्येच कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह हेल्मेटविना पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मग मे महिन्यात सक्ती झाली, तीही शर्यत मोठ्या चढावर संपत असेल तर शेवटी हेल्मेट काढायची मुभा ठेवून. चढावरच्या गरमीचा मुद्दा नियमात असा शिरला. १९९१मध्ये स्वार नुसते हट्टी होते असं मी म्हणणार नाही. त्या वेळची हेल्मेटं जड होती, हवा खेळत नव्हती. संघाकडे नियम होता, पण आल्प्सच्या चढावर घालता येईल अशी वस्तू नव्हती.

एन्ड्युरोच्या वादात वस्तू आधी आली. २०१५मध्ये बेल कंपनीने सुपर टूआर काढलं. साधं हेल्मेट, त्याला वेगळा चिनबार, बकलांनी बसवायचा. डोक्यावरून हेल्मेट न काढता, माथ्यावर उभ्या उभ्या स्वार तो लावू शकतो आणि चढ आला की काढून पिशवीला अडकवतो. मला ही कल्पना फार आवडली होती. पण डाउनहिलच्या हेल्मेटसाठीची अमेरिकी कसोटी, ए.एस.टी.एम. एफ-१९५२, ते पार करत नव्हतं. त्या कसोटीत चिनबारवर वजन टाकून तो किती दबतो ते मोजतात. साध्या सायकल हेल्मेटच्या युरोपीय कसोटीत, ई.एन. १०७८मध्ये, चिनबार तपासतच नाहीत. म्हणजे समोरून दोन्ही हेल्मेटं सारखी दिसली, तरी एकाचा चिनबार जबड्याच्या कामाचा आणि दुसऱ्याचा नुसता आकार असू शकतो. २०१७मध्ये फॉक्सचं प्रोफ्रेम आलं. चिनबार घट्ट जोडलेला, पण मोठमोठ्या झरोक्यांचा, वजनाला हलकं आणि एफ-१९५२ पार केलेलं. पुढच्या वर्षी बेलचं सुपर डीएच आलं, काढता येणाऱ्या चिनबारसकट ती कसोटी पार करणारं. तिथून पुढे दोन हेल्मेटं वाहायची गरज जवळजवळ संपली, आणि गरमीच्या मुद्द्यातलं बळही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वेळ मोजणाऱ्या उतारांवर फुल-फेस सक्तीचं हवं, आणि नियमात फक्त ‘फुल-फेस’ न लिहिता कसोटीचं नावही हवं. चढावर डोकं झाकलेलं हवं, चेहरा झाकायची सक्ती नको. चढावर माणूस चालण्याच्या वेगाने जातो, तिथे श्वास मोकळा राहू द्यावा.

आणि चिनबारकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. २०१७ आणि २०१८मध्ये एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजच्या १० स्पर्धांत ४६ देशांच्या २,०१० स्वारांचा अभ्यास झाला. ८.९ टक्के स्वारांना शर्यतीत दुखापत झाली. सर्वांत जास्त मार खांद्याला आणि गळपट्टीच्या हाडाला बसला, पण मेंदूला हादरा बसल्याच्या नोंदीही ठळक होत्या. चिनबार दात वाचवतो, जबडा वाचवतो. डोकं झटक्यात फिरलं की मेंदू कवटीत हेलकावतो, ते चिनबार थांबवत नाही. हादरा बसलेला स्वार अनेकदा उठतो, सायकल सरळ करतो आणि पुढच्या चढाला लागतो, कारण एन्ड्युरोत दिवस अजून शिल्लक असतो. त्याला कोणी अडवायचं? दोन उतारांमधल्या जंगलवाटेवर बहुतेक वेळा तो एकटाच असतो.

प्रत्येक उताराच्या शेवटी डोळे, बोलणं आणि तोल तपासणारा एक प्रशिक्षित माणूस उभा करायला हवा. आणि हेल्मेटच्या अस्तरातला फोम एकदा दबला की तो परत फुगत नाही, म्हणून ज्याचं हेल्मेट आपटलं आहे त्याला तिथेच दुसरं द्यायला हवं. आयोजकांनी गाडीत मापामापांची हेल्मेटं भरून पायथ्याशी ठेवावीत. प्रवेशशुल्कात तो खर्च बसवता येतो.