हाताची घडी, मनावर बोट?

मधली सुट्टी संपलेली, दुसरीच्या मुलांनी वर्ग डोक्यावर घेतलेला. बाई म्हणतात, ‘चला, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या.’ वर्ग चिडीचूप होतो आणि सगळ्यांना वाटतं, जमलं! माइंडफुलनेसबद्दलचा, म्हणजे सजगतेबद्दलचा, सगळ्यात मोठा गैरसमज नेमका हाच. मुलांना गप्प करायचं काम ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ पिढ्यान्‌पिढ्या करत आलंय. त्यासाठी इंग्रजी नावाची गरज नव्हती. सजगतेत मूल शांत दिसणं महत्त्वाचं नसतं. आपल्याला राग आलाय, पोटात गोळा आलाय, हे त्याचं त्याला कळणं महत्त्वाचं.

मन कोरं करायचं असतं, हाही एक समज. सात वर्षांच्या मुलाचं लक्ष चार श्वासांत खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे जाणारच. लक्ष गेल्याचं ध्यानात येऊन ते परत आणणं, हाच तर सराव. तो पद्मासनातच व्हायला हवा असंही नाही. घंटेचा नाद पार विरेपर्यंत ऐकायचा. पोटावर वही ठेवून ती वरखाली होताना बघायची. एक चुरमुरा जिभेवर ठेवून तो विरघळेपर्यंत थांबायचं. दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. काही मुलांना डोळे मिटायची भीती वाटते, त्यांनी जमिनीकडे बघावं. सक्ती झाली की खेळ संपला.

श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे शरीरशास्त्रच आहे. पण भांडण पेटल्यावर ‘दीर्घ श्वास घे!’ असं ओरडून काही साधत नाही. पोहणं कोणी पुरात शिकवत नाही.

‘हे परदेशी फॅड’ आणि ‘हे धार्मिक’ अशा दोन्ही तक्रारी कानावर येतात, कधी एकाच तोंडून. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण हलका करण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्याची मुळं बौद्ध ध्यानपरंपरेत होती. इकडे इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतलं आनापान महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत ‘मित्र उपक्रमा’तून पोहोचलं. त्यात फक्त येणारा-जाणारा श्वास बघायचा; मंत्र नाही, मूर्ती नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांनी 2018 मध्ये सजगतेचा सराव असलेला आनंदाचा तासच सुरू केला, नर्सरी ते आठवीसाठी.

मग हा रामबाण उपाय आहे का? नाही. ब्रिटनमध्ये 11 ते 14 वयाच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले: सरसकट सगळ्या वर्गाला माइंडफुलनेस शिकवून नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलं घरी सराव फारसा करतच नव्हती. ही मुलं प्राथमिकची नव्हेत, तरी माइंडफुलनेसच्या जाहिराती वाचताना हे आठवावं.

शिवाय ज्या मुलाला घरी मार बसतो, किंवा ज्याला वर्गात रोज चिडवतात, त्याला ‘श्वास बघ’ म्हणणं म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणं. आधी मार आणि चिडवणं थांबायला हवं. कारण सापडत नसलेली पोटदुखी, उडालेली झोप, शाळेच्या नावानं रडणं आठवडेच्या आठवडे चाललं, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मुलांच्या संरक्षणासाठी 1098.